टेबलावरचा संगणक आणि पिशवीतला लॅपटॉप



मागच्या महिन्यात केंद्राच्या शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीत एक चर्चा रंगली होती. शेजारच्या गावच्या शाळेला लोकवर्गणीतून थोडे पैसे मिळाले आहेत, त्यातून काय घ्यावं हा विषय. एक सर म्हणाले, "मॅडम, डेस्कटॉपचा जमाना गेला आता. तो जुना डबा भंगारात काढा आणि एक चांगला हलका लॅपटॉप घ्या. शाळेतही चालतो, घरीही चालतो." दुसऱ्या ताई म्हणाल्या, "लॅपटॉप तरी कशाला? सगळं मोबाईलवर होतंय की."

तेव्हा मी गप्प बसले, कारण डबे आवरायची वेळ झाली होती. पण हा प्रश्न बऱ्याच शाळांपुढे आहे, घरोघरी पालकांपुढेही आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. डेस्कटॉप काढू नका. जमत असेल तर त्याच्या जोडीला हलका लॅपटॉप घ्या. पण दोघांची कामं पहिल्या दिवशीच वाटून द्या. डेस्कटॉप म्हणजे घरातली कणगी आणि लॅपटॉप म्हणजे शेतावर न्यायची भाकरीची फडकी. कणगीतून फडक्यात आजच्यापुरतं बांधून न्यायचं असतं. फडक्यालाच कणगी समजलं की काय होतं, ते मी स्वतः भोगलंय.

माझ्या हातून झालेली चूक

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, दोन शिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापक सरांकडे. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतर गावोगावी लोकवर्गणीतून संगणक, प्रोजेक्टर आले. आमचा डेस्कटॉपही त्याच काळातला. ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलावर, वर सरांच्या घरून आणलेलं फुलाफुलांचं कापड.

तीन वर्षांपूर्वी मी पतसंस्थेचं कर्ज काढून एक हलका लॅपटॉप घेतला. वजन सव्वा किलोच्या आसपास. दप्तरात दोन जाड वह्या जास्त ठेवल्यासारखं वाटायचं, एवढंच. आधीचा जुना लॅपटॉप अडीच किलोचा होता, तो मी एसटीने कधी नेलाच नव्हता.

त्या वर्षी मी दुसरीच्या मुलांच्या वाचनाचे आवाज साठवायला सुरुवात केली. प्रत्येक मुलाचं दर दोन महिन्यांनी एका मिनिटाचं वाचन. ऑगस्टचं वाचन ऑफिसातल्या डेस्कटॉपवर केलं होतं. मुलं एकेक करून ऑफिसात यायची, तो माईक आणि सरांची खुर्ची बघूनच निम्मी मुलं आवाज गिळायची. ऑक्टोबरचं वाचन मी नव्या लॅपटॉपवर घेतलं, वर्गात, सतरंजीवर बसून. फरक लगेच कळला. मुलं मोकळी वाचत होती.

त्यात एक मुलगी होती. आईवडील ऊसतोड कामगार. ऑगस्टमध्ये ती एकेक अक्षर लावत होती. ऑक्टोबरमध्ये तिने सहा ओळींचा उतारा एका दमात वाचला आणि शेवटी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. ते मान हलवणं रेकॉर्ड झालं नाही, पण वाचन झालं.

आता चूक ऐका. दोन्ही यंत्रांवर माझ्याकडे एकाच नावाचं फोल्डर होतं. आतल्या फाईलींना मी हजेरी क्रमांकाची नावं दिली होती. १, २, ३, ४ अशी. एका संध्याकाळी घाईघाईत "दोन्हीकडे सारखं करून टाकू" म्हणून मी पेनड्राइव्हने डेस्कटॉपवरचं फोल्डर लॅपटॉपवर उतरवलं. स्क्रीनवर प्रश्न आला की याच नावाच्या फाईली आधीच आहेत, रिप्लेस करायच्या का? मी 'हो' दाबलं. ऑक्टोबरचे सगळे आवाज गेले. त्यांच्या जागी ऑगस्टचे येऊन बसले. नावं तीच होती, त्यामुळे मला आठ दिवस पत्तासुद्धा लागला नाही.

लक्षात आलं तेव्हा बाकीच्या मुलांचं वाचन पुन्हा घेतलं. पण ही मुलगी तोवर गेली होती. दिवाळीच्या आधीच टोळी कारखान्याकडे निघाली. हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून आम्ही घरी जाऊन सांगितलं होतं, पण लहान भावाला सांभाळायला ती हवी होती.

एप्रिलमध्ये ती परत आली आणि पुन्हा अक्षरं लावायला लागली. सहा महिने पुस्तक हातात नव्हतं, तर तसं होणारच. मी म्हटलं, "अगं, तुला तर छान वाचता येत होतं." ती म्हणाली, "नाही मॅडम, मला कधीच येत नव्हतं."

त्या क्षणी तिला तिचाच आवाज ऐकवता आला असता तर! तिच्या वडिलांनाही ऐकवता आला असता. माझ्याकडे होता तो फक्त ऑगस्टचा अडखळणारा आवाज, म्हणजे तिच्या म्हणण्याला पुरावाच. मी तो ऐकवला नाही. ती पुढे शिकली, पण मनाला लागलं ते लागलंच.

दोष कोणत्याच यंत्राचा नव्हता. माझ्याकडे दोन यंत्रं होती आणि 'खरी प्रत कुठे' हे ठरलेलं नव्हतं.

दोघांचे स्वभाव वेगळे

आता दोन्हींकडे नीट बघू. डेस्कटॉप एका जागी असतो, हाच त्याचा मोठा गुण. सगळ्यांना माहीत असतं की शाळेची माहिती तिथे आहे. स्क्रीन मोठी, कीबोर्ड ऐसपैस. निकालपत्रकाचे वीस रकाने एका नजरेत दिसतात. वर्णनात्मक नोंदी टाईप करताना मान वाकत नाही. शिवाय बिघडला तर तुकड्यातुकड्याने दुरुस्त होतो. एसएमपीएस गेला तर एसएमपीएस बदला, रॅम कमी पडली तर रॅम वाढवा. तालुक्याच्या दुकानात हे काम होतं. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर दहा वर्षांचा संगणकही बरा पळायला लागतो.

हलक्या लॅपटॉपचं तसं नाही. तो पातळ करण्यासाठी बऱ्याच मॉडेलमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. घेताना जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत. अगदी स्वस्त हलक्या लॅपटॉपमध्ये साठवण ६४ जीबीच असते, त्यातला बराच भाग विंडोजच खातो. चार-पाच व्हिडिओ टाकले की लाल रेघ येते. छोटी स्क्रीन खाली असल्याने दोन तास काम केलं की मान धरते.

मग तो घ्यायचा कशाला? तर तो मुलांपाशी जातो म्हणून. वर्गात जातो, झाडाखाली जातो, गृहभेटीला जातो. आमच्याकडे दुपारी वीज गेली की डेस्कटॉपचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांत बोंब मारायला लागतो. लॅपटॉप बॅटरीवर तीन-चार तास सहज चालतो. विजेचाही हिशोब बघा. मॉनिटर धरून साधा डेस्कटॉप शंभर-सव्वाशे वॅट घेतो, म्हणजे पाच तासांत साधारण अर्धा ते पाऊण युनिट. हलका लॅपटॉप साध्या कामाला पंधरा-वीस वॅट घेतो. वीजबिल कुठून भरायचं हा प्रश्न ज्या शाळांना पडतो, त्यांना हा फरक सांगायला नको.

हलक्या यंत्राची कल्पनाही तशी जुनीच आहे. १९८१ साली ऑस्बॉर्न १ नावाचा 'उचलून नेता येणारा' संगणक विक्रीला आला, त्याचं वजन साधारण ११ किलो होतं! २००७ साली आसुसचा ई पीसी आला. सात इंची स्क्रीन आणि वजन किलोच्या आत. त्याच वर्षी आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाची हिरव्या-पांढऱ्या रंगाची छोटी यंत्रं मुलांच्या हातात आली होती. वजन दीड किलोच्या आसपास आणि स्क्रीन उन्हातही वाचता येईल अशी. तो प्रकल्प देशभर पसरला नाही, ही गोष्ट वेगळी. पण ते यंत्र करणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती, की हलकं यंत्र मुलाच्या हातासाठी असतं आणि ते मुलाबरोबर अंगणात जायला हवं. आपण मात्र हलका लॅपटॉप घेतो आणि त्यावर तीच ऑफिसची कामं करत बसतो.

वर्गात लॅपटॉप कोणासाठी?

हा मुद्दा जरा कडू आहे, पण लिहिते. सुरुवात माझ्यापासूनच करते.

ऑफिसात फक्त डेस्कटॉप होता तोपर्यंत ऑनलाइन माहिती भरायची तर वर्ग सोडून ऑफिसात जावं लागायचं. मनाला बोचायचं, त्यामुळे शाळा सुटल्यावर बसायचो. लॅपटॉप आला आणि ती बोच गेली. "माहिती तातडीने आजच भरा" असा मेसेज आला की मी वर्गातच लॅपटॉप उघडायचे, मुलांना "पाढे लिहा" सांगायचे आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर यू-डायसची माहिती भरायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, वा! मॅडम वर्गात लॅपटॉप वापरतात.

एक दिवस पहिलीतला एक मुलगा स्क्रीनसमोर डोकावून म्हणाला, "मॅडम, यात आमच्यासाठी काही आहे का?" त्या दिवशी त्यात त्यांच्यासाठी खरंच काही नव्हतं.

तेव्हापासून एक नियम केला. शालार्थ, यू-डायस प्लस, पोषण आहाराचे हिशोब, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सगळं डेस्कटॉपवर, ऑफिसातच. लॅपटॉप वर्गात उघडला तर त्याची स्क्रीन मुलांकडे असेल. माहिती मागणारे लगेच थांबणार नाहीत, हे मलाही कळतं. तातडीचं काम कधी करावंच लागतं. पण तेव्हा मी उठून ऑफिसात जाते, म्हणजे वर्गाचा वेळ कशात गेला हे मला आणि सगळ्यांना स्पष्ट दिसतं. लॅपटॉपमुळे हे झाकलं जातं, आणि झाकलं गेलं की त्याबद्दल कोणी बोलतही नाही.

फिरत्या यंत्रात काय नको

दुसरी काळजीची गोष्ट म्हणजे मुलांची माहिती. आपल्या फाईलींमध्ये मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे मोबाईल नंबर, बँक खाती, जातीचे तपशील असतात. ही सगळी यादी पिशवीत घालून आपण एसटी स्टँडवर चहा पीत उभे असतो. पिशवी गेली तर काय? लॅपटॉप नवा येईल, पण पन्नास घरांची माहिती कोणाच्या हाती गेली हे आपल्याला कधीच कळणार नाही. २०२३ साली आलेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीबाबत जास्त कडक आहे. पण कायद्याचं सोडा, पालकांनी विश्वासाने दिलेली ती कागदपत्रं आहेत. म्हणून माझ्या लॅपटॉपमध्ये मुलांची नावं आणि वाचनाचे आवाज एवढंच असतं, तेही पासवर्डच्या आड. बाकीचं टेबलावरच्या संगणकात, कुलपाच्या खोलीत.

दोन्ही यंत्रं जुळवून कशी वापरायची

हे सगळं करून बघून ठरलेलं आहे. तुमच्या सोयीने बदल करा.

१. मूळ प्रत एकाच जागी, डेस्कटॉपवर. लॅपटॉपमध्ये 'आज' नावाचं एकच फोल्डर. सकाळी लागेल तेवढंच त्यात घ्यायचं, शाळा सुटताना नवीन झालेलं काम डेस्कटॉपवर उतरवायचं आणि 'आज' रिकामं करायचं. उतरवलेली फाईल डेस्कटॉपवर एकदा उघडून बघितल्याशिवाय लॅपटॉपमधून काढायची नाही.

२. फाईलच्या नावात आधी तारीख, मग नाव. तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. मग फाईली आपोआप काळाच्या ओळीत लागतात आणि ऑगस्टचा आवाज ऑक्टोबरच्या डोक्यावर बसत नाही. नुसते क्रमांक, 'नवीन', 'फायनल', 'फायनल २' असली नावं कधीच नकोत.

३. 'रिप्लेस करू का' असा प्रश्न आला की हात मागे घ्यायचा. दोन्ही ठेवा असा पर्याय तिथेच असतो. शंका आली तर तोच निवडा. जास्तीची फाईल नंतर काढता येते, गेलेली आणता येत नाही.

४. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आठवड्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. जाणकार सांगतात की महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक वेगळ्या जागी. आमची हार्ड डिस्क सरांच्या घरी कपाटात असते, पासवर्ड लावून. रेंज चांगली असेल तर गुगल ड्राइव्ह वापरा, पण एक लक्षात ठेवा. दोन्ही यंत्रं ड्राइव्हला जोडली असतील तर एकीकडे पुसलेली फाईल दुसरीकडूनही जाते. ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक.

५. मराठी टायपिंग दोन्हीकडे युनिकोडमध्येच. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेली प्रश्नपत्रिका डेस्कटॉपवर छान दिसते आणि लॅपटॉपवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. कारण तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रात नसतो. युनिकोडमध्ये 'क' म्हणजे सगळीकडे 'क'च. टायपिंग शिकताय तर इनस्क्रिप्ट शिका. पंधरा दिवस त्रास होतो, मग दोन्ही कीबोर्डवर बोटं सारखीच चालतात.

६. प्रोजेक्टरची पिन आधी बघा. शाळेतले जुने प्रोजेक्टर बहुतेक व्हीजीएचे, नवीन पातळ लॅपटॉपला एचडीएमआय नाहीतर नुसतं टाईप-सी. मध्ये जोडायचा कन्व्हर्टर लॅपटॉपबरोबरच घ्या. नाहीतर पालकमेळाव्याच्या दिवशी सगळे बसलेत आणि पिन लागत नाही, असं होतं. आमच्याकडे झालंय.

आता 'जुना डबा भंगारात काढा' या सल्ल्याबद्दल. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि दहा वर्षांपूर्वीचे बरेचसे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, हे खरं आहे. पण त्यावर लिनक्स टाकता येतं, ते मोफत आहे. सोबत लिबरऑफिस असतं, त्यात मराठी उत्तम चालतं. आमच्या सरांना सुरुवातीला "हे काय नवीन" असं वाटलं. आठवड्याभरात सरावले.

पालकांसाठी थोडंसं

पालक मला विचारतात, "मॅडम, पोरासाठी लॅपटॉप घेऊ का कॉम्प्युटर?" प्राथमिक शाळेतल्या मुलासाठी तर माझं उत्तर असतं की आत्ता कशाचीच घाई नको. गोष्टीची पुस्तकं घ्या. मोठा भाऊ-बहीण बारावी-डिप्लोमाला असेल आणि घ्यायचाच असेल, तर घरात बैठकीच्या खोलीत सगळ्यांना दिसेल असा डेस्कटॉप आधी. वापरलेला पण चांगल्या स्थितीतला मिळाला तरी चालेल. मूल काय बघतंय ते येता-जाता दिसतं. हलका लॅपटॉप नंतर, बाहेरगावी शिकायला जाताना. पातळ आहे, चकाकतो आहे म्हणून कर्ज काढून आधी तोच घेऊ नका. आणि घेतलाच, तर फोटो-कागदपत्रांची एक प्रत घरच्या संगणकात राहू द्या.

शेवटी

मागच्या दिवाळीआधी टोळ्या निघायच्या वेळी मी आणखी एक गोष्ट केली. जाणाऱ्या मुलांच्या वाचनाचे आवाज लॅपटॉपमधून त्यांच्या आईवडिलांच्या मोबाईलवर टाकून दिले. लॅपटॉप हलका असल्याने वस्तीवर, अगदी ट्रॅक्टरपाशी जाऊन हे करता आलं. मूळ प्रत डेस्कटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, आणि एक पोरांबरोबर फडावर.

जानेवारीत एका वडिलांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, रातच्याला कोपीत पोरगी तिचाच आवाज लावती आन् त्याच्या मागं मागं वाचती. दुसरं काही धाडता का?" मी दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या संगणकातून एक नवा उतारा काढला, वर्गातल्या मुलांकडून वाचून घेतला आणि पाठवला.

त्या शेजारच्या शाळेला मी एवढंच सांगेन. पैसे आलेत तर हलका लॅपटॉप जरूर घ्या. पण डेस्कटॉपवरचं कापड काढा, त्याला एसएसडी बसवा, आणि लॅपटॉपचा खोका उघडायच्या आधी दोघी-तिघं बसून कागदावर लिहा की कोणतं काम कुठे होणार आणि खरी प्रत कुठे राहणार. तो कागद ऑफिसच्या भिंतीवर लावा. आमच्याकडे तो संगणकाच्या वरच, वेळापत्रकाच्या शेजारी लावलेला आहे.